प्रहसन आणि नटाचे चारित्र्य

नाट्यशास्त्राच्या अखेरच्या भागात एक चमत्कारिक कथा आहे. नाट्यविद्येच्या मदाने उन्मत्त झालेले भरताचे पुत्र प्रहसनांतून ऋषींची थट्टा करू लागले, तेव्हा क्रुद्ध ऋषींनी त्यांना व त्यांच्या वंशाला शाप दिला. देवांना चिंता पडली ती या शापाने नाट्यच लोप पावेल की काय, याची. ऋषींनी सांगितले की नाट्य नष्ट होणार नाही. बाकीचा शाप मात्र खरा होईल. नटाला दंड आणि कलेला अभय, असा हा निवाडा आहे. परंतु त्यात वंशजांनाही गोवण्यात आले, याकडे भाष्यकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांच्या बाबतीत गेल्या दहाबारा वर्षांत जो वाद माजला आहे, त्याचे मूळ या विस्मृत तपशिलात सापडते. मराठी वाचकाला कलेविरुद्धचा क्षोभ नवा नाही. मर्ढेकरांच्या कवितेवर अश्लीलतेचा खटला झाला, १९७२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’ने गदारोळ उठला, पण त्या दोन्ही प्रसंगी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी होती ती कृती. कृती निर्दोष, किंबहुना सोज्ज्वळ, आणि कर्ता मात्र दोषी, अशी स्थिती उद्भवली म्हणजे जुने युक्तिवाद निरुपयोगी ठरतात. ‘कलेला नीतीचे बंधन नको’ हे कलावाद्यांचे वचन येथे कोणाच्याच कामी येत नाही, कारण मालिकेत अनीतीचे काहीच नसते.

अमेरिकेतील ‘द कॉस्बी शो’ हे याचे सर्वांत बोलके उदाहरण होय. १९८४ ते १९९२ अशी आठ वर्षे ही मालिका चालली आणि त्यांतील बराच काळ ती त्या देशातील सर्वाधिक पाहिली जाणारी मालिका होती. ब्रुकलिनमधील एक कृष्णवर्णीय डॉक्टर, त्याची वकील पत्नी आणि पाच मुले यांच्या घरगुती हास्यविनोदाची ही कथा. कृष्णवर्णीय कुटुंब हे दैन्याचे किंवा विदूषकीचे पर्यायवाचक नव्हे, हे तिने लक्षावधी घरांत व्याख्यानावाचून पटवून दिले. पुढे बिल कॉस्बी यांच्यावर अनेक स्त्रियांनी अत्याचाराचे आरोप केले. २०१४ च्या नोव्हेंबरात एका वाहिनीने मालिकेचे पुनःप्रसारण थांबविले. २०१५ च्या जुलैत त्यांची जुनी साक्ष न्यायालयाने खुली केल्यावर इतरांनीही तेच केले. २०१८ साली ते दोषी ठरले. २०२१ साली पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली, तीही पूर्वीच्या सरकारी वकिलाने दिलेल्या आश्वासनाचा भंग झाला म्हणून. आरोप खोटे होते असे त्या निकालाने म्हटले नाही.

कलावंताचे समर्थन करू पाहणाऱ्याने प्रथम एक गोष्ट मान्य केली पाहिजे. कृती आणि कर्ता यांची फारकत बोलण्यात सोपी असली तरी अनुभवात होत नाही. अभिनवगुप्ताने रसविघ्नांची चर्चा करताना मुकुटादी वेषाचे प्रयोजन सांगितले आहे: नटाचे नटपण झाकले जावे, म्हणजे प्रेक्षकाचे मन ‘हा अमुक मनुष्य’ या लौकिक जाणिवेत अडकून पडत नाही. या मालिकेने तर नटाचे नावच मथळ्यावर मिरविले होते! मुकुट पहिल्यापासूनच खाली ठेवलेला. मम्मटानेही व्यंग्यार्थ हा वक्ता कोण यावर अवलंबून असतो असे सांगितले आहे. त्याला अभिप्रेत असलेला वक्ता पुष्कळदा काव्यातीलच असतो हे खरे, पण न्याय तोच लागू पडतो. या मालिकेच्या एका भागात डॉक्टरमहाशयांच्या खास चटणीने खाणारी जोडपी प्रेमातुर होतात, असा विनोद आहे. १९९० साली त्यावर घरोघर हशा पिकला असेल. स्त्रियांना गुंगीचे औषध दिल्याच्या आरोपांनंतर तोच प्रसंग पाहणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. संवादातील एक अक्षरही बदललेले नाही, ध्वनी बदलला. अशा प्रेक्षकाला ‘तू अरसिक आहेस’ असे सुनावण्याचा अधिकार समीक्षकाला नाही.

परंतु न पाहण्याचा प्रेक्षकाचा हक्क वेगळा आणि कोणालाच पाहू न देण्याचा वाहिनीचा निर्णय वेगळा. कादंबरी एकाची असते. विनोदी मालिका ही लेखक, दिग्दर्शक, सहनट, तंत्रज्ञ यांची सामायिक मिळकत. फिलिशिया रशाद यांनी साकारलेली वकील माता कॉस्बींच्या अपराधाने खोटी ठरते काय? पुनःप्रसारणाचे मानधन बंद झाले त्याची झळ सहनटांनाही पोहोचली. जावयाची भूमिका करणारे जेफ्री ओवेन्स २०१८ साली एका किराणा दुकानात काम करताना दिसले, आणि त्यांचे छायाचित्र हेटाळणीच्या सुरात देशभर फिरले. मालिका बंद झाल्याने आर्थिक फरक पडला, हे त्यांनी पुढे सांगितले. वंशजांना शाप लागतो तो असा.

याउलट ‘रोझॅन’चे उदाहरण पाहावे. नायिकेच्या वंशद्वेषी उद्गारांवरून मे २०१८ मध्ये ती मालिका रद्द झाली. पण त्याच वर्षी ऑक्टोबरात, तिचे पात्र मृत दाखवून, उरलेले कुटुंब नव्या नावाने परतले आणि २०२५ पर्यंत टिकले. आपल्याकडे त्याच महिन्यात एका सहकारी विनोदकारावरील आरोपांनंतर ‘ऑन एअर विथ एआयबी’ हा कार्यक्रम बंद झाला, तेव्हा इतका विचार कोणी केल्याचे दिसले नाही. अर्थात रोझॅनचा उपाय सर्वत्र चालणारा नाही. लुई सी. के. यांच्यासारखा विनोदकार स्वतःच्याच वासनांची कबुली हीच कला म्हणून मांडतो. तेथे पात्र बाजूला काढले तर मागे काही उरतच नाही. २०१७ साली त्यांनी आरोप खरे असल्याचे मान्य केल्यावर जुन्या विनोदांचा अर्थ फिरला, यात नवल नाही.

क्षुब्ध लोकमताविरुद्ध विनोदाची बाजू मांडणारे एक गोष्ट हटकून विसरतात. कॉस्बींविरुद्धच्या तक्रारी जुन्याच होत्या. २००५ सालचा दिवाणी दावा पुढच्या वर्षी तडजोडीने मिटला होता, आणि देश ते सारे विसरून गेला होता. २०१४ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियाच्या रंगमंचावर हॅनिबल ब्युरेस या विनोदकाराने त्यांच्या नीतिपाठांची टर उडविताना या आरोपांचा उल्लेख केला, त्याचे ध्वनिचित्रण सर्वत्र पसरले, आणि तेथून पुढे त्या स्त्रियांचे म्हणणे पुन्हा ऐकले जाऊ लागले. भरतपुत्रांनी ऋषींची थट्टा केली होती. येथे ऋषीच्या वेषात वावरणाऱ्या एका नटाची थट्टा दुसऱ्या नटाने केली. या वेळी शाप थट्टा करणाऱ्याला लागला नाही.