छपरावरची तार

बारामतीहून इंदापूरकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंस उसाचे फड, द्राक्षांचे मांडव आणि मधूनमधून लहानमोठ्या वस्त्या लागतात. घरांच्या छपरांवर पाण्याच्या टाक्या व दूरचित्रवाणीच्या तबकड्या दिसतात. अशाच एखाद्या छपरावर लोखंडी नळी उभी केलेली असावी आणि तिच्या शेंड्यापासून दोन बाजूंना दोन लांब तारा उतरत गेलेल्या असाव्यात, तर पाहणारा काय म्हणेल? कपडे वाळत घालण्यासाठी एवढ्या उंचावर तार कोण बांधील, असेच त्याला वाटेल. परंतु त्या तारेच्या आधाराने घरधनी शेकडो कोस दूरच्या माणसाशी बोलत असतो. ती तार म्हणजे हौशी रेडिओचालकाचा अँटेना होय.

आकाशवाणीचे केंद्र बोलते आणि आपण ऐकतो. हौशी रेडिओत मात्र दोन्ही बाजूंस बोलणारेही असतात व ऐकणारेही असतात. या छंदात रमणाऱ्यांना जगभर 'हॅम' म्हणतात. त्यांना आपल्या यंत्रावरून गाणी लावता येत नाहीत आणि व्यापारही करता येत नाही. एकमेकांशी संवाद साधणे, विजेच्या व लहरींच्या विद्येत प्रयोग करणे आणि संकटकाळी निरोप पोचविणे, हे त्यांचे काम. त्यासाठी सरकारची परीक्षा उत्तीर्ण होऊन परवाना घ्यावा लागतो. बारा वर्षांचे मूलही ही परीक्षा देऊ शकते. परवाना मिळाला की प्रत्येकास एक सांकेतिक नाव मिळते. भारतातील अशा नावांचा आरंभ बहुधा 'व्ही यू' या अक्षरांनी होतो. ती अक्षरे कानी पडली की परदेशातील हॅमलाही कळते, बोलणारा भारतातला आहे.

आता या तारेची लांबी कशी ठरते ते पाहू या. रेडिओलहरी प्रकाशाच्या वेगाने, म्हणजे एका सेकंदात सुमारे तीन लक्ष किलोमीटर जातात. एका सेकंदात जितकी कंपने होतात ती त्या लहरीची कंपनसंख्या. दहा लक्ष कंपने म्हणजे एक मेगाहर्ट्झ. ३०० या संख्येला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले, की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. बारामतीत 'वसुंधरा वाहिनी' नावाचे एक सामुदायिक रेडिओ केंद्र सुरू झाले, त्याची कंपनसंख्या ९०.४ मेगाहर्ट्झ. भागाकार केला तर लहरीची लांबी सुमारे ३.३ मीटर येते.

झोक्याला योग्य क्षणी हलका धक्का दिला तर तो उंच जातो. अवेळी दिलेला धक्का वाया जातो. तारेतील विजेचेही तसेच आहे. तारेची लांबी लहरीच्या निम्मी असली, की तारेत मागेपुढे धावणारी वीज लहरीच्या तालात येते आणि तार ती लहर उत्तम रीतीने आकाशात सोडते. हॅम लोकांचा एक आवडता पट्टा ७ मेगाहर्ट्झच्या आसपास आहे. ७.१ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ४२ मीटर लांब असते. तिची निम्मी लांबी २१ मीटर. तारेच्या टोकांच्या परिणामामुळे प्रत्यक्षात ती सुमारे पाच टक्के कमी, म्हणजे २० मीटर ठेवतात. मध्यभागी तार तोडून दहा-दहा मीटरांच्या दोन भुजा करतात आणि त्या ठिकाणी यंत्राकडून आलेली केबल जोडतात.

या पट्ट्याला आपल्या इतिहासातही स्थान आहे. १९४२ च्या 'भारत छोडो' चळवळीत उषा मेहता व त्यांचे सहकारी मुंबईतून 'काँग्रेस रेडिओ' हे गुप्त केंद्र चालवीत. त्यांच्या लहरीची लांबी होती ४२.३४ मीटर. आजच्या हॅमची तार जवळजवळ त्याच मापाची असते. मात्र त्यांना यंत्र आणि तार घेऊन वारंवार जागा बदलावी लागे. अखेर त्या वर्षीच्या नोव्हेंबरात उषा मेहता पकडल्या गेल्या.

तारेची लांबी ठरली. आता ती किती उंच बांधावी? पुष्कळांना वाटते, मनोरा जितका उंच तितका आवाज दूर जाणार. हे काही लहरींच्या बाबतीत खरे आहे, सर्वच लहरींच्या बाबतीत नाही. बारामती व इंदापूर यांच्यातील सरळ अंतर पंचेचाळीस किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. दोन्ही गावी एकेक हॅम आहे असे समजा. त्यांनी दोन मीटर लांबीच्या लहरी वापरल्या, तर त्या बहुतांशी सरळ रेषेत जातात. पृथ्वी गोल असल्याने काही अंतरापुढे जमीन त्यांच्या आड येते. ९ मीटर उंचीवरच्या अँटेनाला सपाट प्रदेशात सुमारे १२ किलोमीटरपर्यंतची जमीन 'दिसते'. दोघांचेही अँटेना तेवढेच उंच असतील, तर त्यांच्यात फार तर २५ किलोमीटर अंतर चालेल. बारामती-इंदापूर गाठावयाचे तर दोघांनाही तीस मीटरांहून उंच, म्हणजे दहा मजली इमारतीएवढे मनोरे उभारावे लागतील. शिवाय बारामतीस विमानतळ आहे. अशा ठिकाणी उंच मनोरा उभारण्यापूर्वी आवश्यक त्या परवानग्या घ्याव्याच लागतात.

पण तेच दोघे ७ मेगाहर्ट्झवर बोलू लागले तर काय होते? या लांब लहरींना आकाशातून परतण्याची वाट सापडते. जमिनीपासून सुमारे ऐंशी किलोमीटरपासून पुढे शेकडो किलोमीटर उंचीपर्यंत हवेचा एक विरळ थर आहे. सूर्यकिरणांमुळे तो विद्युत्भारित होतो. त्यास आयनांबर म्हणतात. नऊ-दहा मीटरांवर बांधलेली तार आपली पुष्कळशी शक्ती वर आकाशाकडे सोडते. आयनांबर ती खाली वळविते आणि कारंज्याच्या तुषारांप्रमाणे ती चहूकडे, शेकडो किलोमीटरच्या टापूत उतरते. त्यामुळे इंदापूरच नव्हे, तर सोलापूर, सातारा, नगर असे शेजारचे जिल्हेही दिवसाउजेडी या साध्या तारेच्या आवाक्यात येतात. मधल्या डोंगरांची अडचणही उरत नाही. सूर्य मावळल्यावर आयनांबराची स्थिती पालटते आणि लहरी कोठे पोचतील हेही पालटते. म्हणून कोणत्या वेळी कोणाशी बोलता येईल, हे हॅमला अनुभवाने शिकावे लागते.

आता उभारणीकडे वळू. मध्यभागी एक मजबूत खांब उभा करावा. त्याच्या शेंड्याला कप्पी बसवून, ध्वज चढवितात त्याप्रमाणे, दोरीने तारेचा मध्य वर ओढून घ्यावा. म्हणजे दुरुस्तीसाठी वर चढण्याचे कारण पडत नाही. तारेच्या टोकांना चिनी मातीचे विद्युत्रोधक लावून मग दोऱ्या बांधाव्यात. ही टोके माणसाच्या वा जनावराच्या स्पर्शापासून उंच असावीत, कारण बोलणे चालू असताना त्यांवर मोठा विद्युत्दाब असतो. दोरी झाडाला बांधावयाची असेल तर तीत थोडी ढील ठेवावी, नाहीतर वाऱ्याने झाड डोलू लागताच तार तुटेल.

खांबाचा खरा शत्रू वारा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून खांबाला निदान तीन दिशांनी, सारख्या अंतरावर तणावे द्यावेत. तणावा खांबाच्या फार जवळ रोवला तर तो खांबाला नीट धरू शकत नाही. खांबाच्या उंचीच्या सुमारे पाऊणपट अंतर योग्य. द्राक्षबागेचा मांडव ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगावयास नको. मांडवाच्या कडेचे खांब आत ओढले जाऊ नयेत म्हणून शेतकरी त्यांना बाहेरच्या बाजूने तारेचे ताण देतो आणि ते जमिनीत घट्ट पुरलेल्या आधारांना बांधतो. विद्या तीच, कामे दोन. काळ्या जमिनीत मात्र अधिक काळजी घ्यावी लागते. ती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तेव्हा पाया मुरूम लागेपर्यंत खोल घ्यावा आणि दर पावसाळ्यानंतर तणावे तपासावेत.

वाऱ्याशी सामना करण्याची आणखी एक रीत पुणे जिल्ह्यातच पाहावयास मिळते. जुन्नर तालुक्यातील खोडद येथे व आसपासच्या परिसरात डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली प्रचंड रेडिओ दुर्बीण उभारण्यात आली. तिच्या तीस तबकड्यांपैकी प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर आहे. एवढी तबकडी पत्र्याची असती तर ती वाऱ्यापुढे शिडासारखी फुगली असती. म्हणून ती पोलादी तारांच्या जाळीची केली. लहरी जाळीवरून परावर्तित होतात आणि वारा तिच्या छिद्रांतून निघून जातो.

या कामात तीन गोष्टींची हयगय प्राणावर बेतते. पहिली, विजेच्या तारा. शेतावरच्या पंपांसाठी आलेल्या विजेच्या ताराही जीवघेण्या असतात. खांब कोणत्याही बाजूस आडवा पडला तरी त्यांना शिवणार नाही, एवढ्या दूर तो उभा करावा. अँटेनाची तार विजेच्या तारेच्या वरून किंवा खालून कधीही नेऊ नये. दुसरी, आकाशातील वीज. आपल्या भागात वैशाखात वळीव कडाडत येतो. खांब जाड तांब्याच्या पट्टीने जमिनीशी जोडावा आणि ढग जमू लागण्यापूर्वीच केबल यंत्रापासून सोडवून घराबाहेर ठेवावी. गडगडाट सुरू झाल्यावर तारेला हात लावू नये. तिसरी, उंची. खांब उभारणे व त्यावर चढणे हे जाणत्या, प्रशिक्षित मोठ्या माणसांचेच काम. त्यांनीही कमरेचा सुरक्षापट्टा व शिरस्त्राण घातलेच पाहिजे. मुलांनी तार मोजावी, विद्युत्रोधक बांधावेत, हिशेब करावेत. पण खांब उभा होत असताना त्याच्या उंचीच्या टापूबाहेर उभे राहावे.

खिशात मोबाइल असताना एवढा खटाटोप कशासाठी, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर २००४ साली अंदमानात मिळाले. हैदराबादच्या 'नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओ' या संस्थेचे एक पथक भारती प्रसाद यांच्यासह त्या वेळी पोर्ट ब्लेअरला, म्हणजे आजच्या श्रीविजयपुरम येथे गेले होते. २६ डिसेंबरला भूकंप झाला व त्सुनामीच्या लाटा आल्या. दूरध्वनी बंद पडले. तेव्हा या हॅम मंडळींनी आपल्या यंत्रांवरून बेटांवरची खबर मुख्य भूमीकडे पोचविली आणि काळजीत पडलेल्या कुटुंबांना त्यांच्या माणसांची खुशाली कळविली.

मोबाइलच्या मनोऱ्याला वीज लागते, आणि एक मनोरा बंद पडला की हजारोंचे बोलणे थांबते. हॅमचे लहान यंत्र मोटारीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालते. तार शाबूत असली म्हणजे झाले. वादळाच्या रात्रीनंतर, सारे दूरध्वनी मुके झालेले असताना, ती तार छपरावर उभी असेल की अंगणात पडलेली असेल, हे मात्र त्या दिवशी ठरत नाही. खड्डा किती खोल खणला, तणावे किती ताणले आणि गाठ किती काळजीने मारली, यावर ते कितीतरी आधी ठरलेले असते.