तरुणांच्या हाती कॅमेरा : सोलापूर आणि समुदाय-माध्यमे

वंचित समाजगटांविषयी चित्रपट, बातम्या आणि माहितीपट पुष्कळ निघतात. पण ते बहुधा त्या गटाबाहेरच्या माणसांनी केलेले असतात, आणि कोणाला किती वेळ बोलू द्यायचे, कोणते वाक्य ठेवायचे व कोणते कापायचे, हेही बाहेरचेच ठरवतात. ही रीत उलटवून त्या-त्या वस्तीतील, तांड्यावरील किंवा गावातील लोकांनी, विशेषतः तरुणांनी, कॅमेरा, ध्वनिमुद्रण आणि संकलन स्वतः हाताळावे, या विचारातून जी माध्यमे उभी राहिली त्यांना समुदाय-माध्यमे म्हणतात. संकलन म्हणजे चित्रित केलेल्या तुकड्यांतून निवड करून त्यांची जुळणी करणे. आणि सर्वसमावेशकतेचा प्रश्न चित्रीकरणाच्या वेळी जितका येतो, त्याहून अधिक निकराने तो या निवडीच्या वेळी उभा राहतो.

या पद्धतीचा उगम सामान्यतः कॅनडातील फोगो बेटावर मानला जातो. तेथील मासेमारांना बेट सोडून अन्यत्र वसवण्याचे घाटत असताना, 1967 मध्ये कॅनडाच्या राष्ट्रीय चित्रपट मंडळाने त्यांच्यासोबत छोटे चित्रपट तयार केले, ते आधी बेटवासीयांनाच दाखवले आणि मग सरकारसमोर ठेवले. भारतात अहमदाबादच्या ‘सेवा’ या स्त्री-कामगारांच्या संघटनेने 1984 पासून आपल्या सभासद स्त्रियांना व्हिडिओचे शिक्षण दिले. त्यांत भाजी विकणाऱ्या आणि अक्षरओळख नसलेल्या स्त्रियाही होत्या, त्यामुळे यंत्र वापरण्यासाठी आधी लिहिता-वाचता आले पाहिजे हा समज तेथेच निकालात निघाला.

सोलापूरच्या संदर्भात हा विषय महत्त्वाचा ठरतो तो या शहराच्या घडणीमुळे. कापडगिरण्या आणि हातमाग-यंत्रमाग यांच्या ओढीने तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज घरात तेलुगू बोलतो, अक्कलकोट व दक्षिण सोलापूरच्या पट्ट्यात कन्नड घराघरांत आहे, मुस्लिम वस्त्यांत दखनी वळणाची उर्दू चालते, तांड्यांवर बंजारा बोली आहे. वडारी बोलीचे नाते तेलुगूशी तर कैकाडीचे तमिळशी जुळते, आणि या सर्वांचा बाजार, कचेरी व शाळा यांतील व्यवहार मराठीत होतो. शहराची बहुविधता ही अशी रोजच्या कानावर पडणारी गोष्ट आहे. स्थानिक माध्यमांत मात्र तिचा एखादाच सूर उमटतो.

बाकीचे सूर का उमटत नाहीत, हे एका ठोस कामावरून समजून घेता येईल. सोलापुरात हजारो स्त्रिया घरी विड्या वळतात : तेंदूची पाने भिजवायची, मापाप्रमाणे कात्रीने कापायची, मांडीवरच्या सुपात तंबाखू घेऊन पान वळायचे, टोक मुडपून दोरा बांधायचा, आणि हजारावर मजुरी ठरलेला हा माल कारखान्याच्या शाखेत नेऊन तपासून द्यायचा. बाहेरून आलेला वार्ताहर हिंदीत किंवा मराठीत प्रश्न विचारतो, तेव्हा त्याला बहुतेक वेळा मजुरी आणि खोकला यांविषयीची ठरीव उत्तरे मिळतात. तीच बाई आपल्या मुलीच्या मोबाइलसमोर तेलुगूत बोलू लागली, की तपासणीत बाद ठरलेल्या विड्यांचा हिशेब, शेजारणीशी केलेली पानांची उसनवारी आणि मुलीच्या शिक्षणावरून घरात झालेली वादावादी हेही बोलण्यात येण्याची शक्यता कितीतरी वाढते, कारण येथे प्रश्न विचारणारीला तपशील आधीच ठाऊक असतो आणि तो लपवण्यात अर्थ नसतो.

सोलापूरच्या इतिहासातील दुसरा धागा ‘सेटलमेंट’चा आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ब्रिटिश सरकारने काही भटक्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले, आणि पुढे त्यांतील कुटुंबांना तारेच्या कुंपणात, रोजच्या हजेरीच्या धाकात ठेवण्यासाठी ज्या वसाहती काढल्या, त्यांपैकी एक मोठी वसाहत सोलापुरात होती. स्वतंत्र भारतात 31 ऑगस्ट 1952 रोजी हा कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जाऊ लागल्या. सोलापूरच्या त्या भागाचे नाव मात्र लोकांच्या तोंडी आजही सेटलमेंटच आहे. अशाच इतिहासाच्या अहमदाबादमधील छारानगर वस्तीत, लेखिका महाश्वेता देवी आणि भाषाभ्यासक गणेश देवी यांच्या पुढाकाराने 1998 मध्ये वाचनालय सुरू झाले आणि त्याच्या आधाराने तेथील तरुणांनी ‘बुधन थिएटर’ उभे केले. पश्चिम बंगालमध्ये पोलीस कोठडीत मरण पावलेल्या बुधन सबर या तरुणावरील नाटकापासून सुरुवात करून हे तरुण पुढे माहितीपटांकडेही वळले. आपल्या जमातीविषयी पोलीस दप्तराने लिहिलेली ओळख त्यांनी आपल्याच वस्तीच्या रस्त्यांवर प्रयोग करून खोडून काढली, हे या उपक्रमाचे वैशिष्ट्य.

सोलापूर जिल्ह्यात अशा कामाची ताकद दाखवणारे सर्वांत ठळक उदाहरण संस्थेचे नसून एका व्यक्तीचे आहे. करमाळा तालुक्यातील जेऊरचे, वडार समाजातील नागराज मंजुळे यांनी अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापन अभ्यासाचे विद्यार्थी असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला. शाळेची ओढ असलेल्या पारधी मुलाच्या या कथेला 58 व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा सन्मान मिळाला. त्यांच्याच 2013 च्या ‘फँड्री’ या चित्रपटात कैकाडी मुलगा जब्या याची भूमिका करणारा सोमनाथ अवघडे करमाळ्याजवळच्या केम गावचा, हलगी वाजवणारा मुलगा होता आणि त्याने त्याआधी कधी कॅमेऱ्यासमोर काम केले नव्हते. या भूमिकेसाठी त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

‘फँड्री’तील एक प्रसंग या चर्चेत नेमका उपयोगी पडतो. गावभर चेष्टा सोसत डुकराच्या मागे धावणाऱ्या जब्याच्या कुटुंबाच्या कानावर शाळेतील राष्ट्रगीत पडते, आणि हाती आलेले जनावर निसटत असतानाही ते सारे ताठ उभे राहतात. राष्ट्राने ज्यांना दूर ठेवले त्यांचे हे उभे राहणे कोणत्याही भाष्याविना दिसते, कारण दिग्दर्शकाला त्या धावपळीतील लाज आतून ठाऊक आहे. तरीही जब्या केवळ दुःखाचा नमुना होत नाही : त्याला वर्गातली शालू आवडते, जीन्सची पॅन्ट हवी असते आणि काळ्या चिमणीच्या मागे तो रानोमाळ हिंडतो. तरुणांसाठीच्या माध्यम-उपक्रमांत नेमकी येथे चूक होते. वंचित घरातील मुलाने वंचनेचीच गोष्ट सांगावी, अशी आयोजकांची न बोललेली अपेक्षा असते. त्याला क्रिकेटवर, भुताखेतांवर किंवा प्रेमावर विनोदी चित्रफीत करावीशी वाटली तर ती ‘विषयाला धरून’ नाही म्हणून बाजूला पडते. ही समावेशकता नव्हे. जुनीच चौकट, नव्या रंगात.

आतून बोलण्याला किंमतही मोजावी लागते. कंजारभाट समाजातील काही तरुण-तरुणींनी नववधूच्या कौमार्यपरीक्षेच्या प्रथेविरुद्ध 2017 मध्ये व्हॉट्सअॅपवरून मोहीम उघडली, आणि जानेवारी 2018 मध्ये पिंपरीत त्यांच्यापैकी काहींना मारहाण झाली. म्हणून अशा प्रशिक्षणात तंत्राइतकाच वेळ संमतीला द्यावा लागतो : चित्रित झालेल्या व्यक्तीने चित्रफीत आधी पाहावी, नको असलेला भाग काढायला सांगता यावा, आणि पहिले प्रदर्शन त्याच वस्तीत व्हावे.

चित्राला पर्याय ध्वनीचा आहे आणि तो स्वस्तही पडतो. ज्यांना दिसत नाही किंवा वाचता येत नाही, त्यांनाही तो पूर्णपणे खुला आहे. रेडिओच्या प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये दिला. तो लिहिणाऱ्या न्यायमूर्तींत महाराष्ट्राचे पी. बी. सावंत होते. त्यानंतर आधी शैक्षणिक संस्थांना आणि 2006 पासून नोंदणीकृत स्वयंसेवी संस्थांनाही सामुदायिक रेडिओ, म्हणजे आसपासच्या गावांपुरते ऐकू जाणारे छोटे केंद्र, चालवण्याची मुभा मिळाली. सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील जहीराबादजवळ दलित शेतकरी स्त्रियांचा ‘संघम रेडिओ’ 2008 मध्ये सुरू झाला, आणि सोलापूर जिल्ह्याला लागून असलेल्या माण तालुक्यात, म्हसवड येथे, ‘माणदेशी तरंग वाहिनी’ त्याच वर्षी बोलू लागली. या धोरणानुसार किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक सहभागातून तयार व्हावे लागतात आणि ते शक्यतो स्थानिक भाषेत वा बोलीत असावे लागतात. सोलापुरात हा नियम मनापासून पाळायचा तर केंद्राच्या वेळापत्रकात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड, उर्दू आणि तांड्यावरच्या बोलीलाही रोजची वेळ राखून ठेवावी लागेल. महाविद्यालयांनी आणि संस्थांनी परवान्याचा किंवा चित्रपट-कार्यशाळेचा विचार करताना यंत्रसामग्रीच्या यादीआधी ही भाषांची यादी करावी, आणि ती करण्याचे काम त्या-त्या वस्तीतील तरुणांकडेच सोपवावे.