तीस यार्डांवरचा रणगाडा

इंफाळच्या दक्षिणेला निंगथौखाँग हे गाव आहे. १२ जून १९४४ च्या सकाळी जपानी तोफांनी तिथे तासभर भडिमार केला आणि पाठोपाठ रणगाडे आले. प्रतिहल्ल्याला निघालेल्या गोरखा तुकडीवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाल्या, तेव्हा सिक्कीमचा कोवळा रायफलमन गंजू लामा एकटाच सरपटत पुढे निघाला. डावे मनगट मोडलेले, उजव्या हाताला आणि पायाला जखमा. तशा अवस्थेत त्याने रणगाड्यांपासून तीस यार्डांवर जाऊन आधी एक आणि मग दुसरा निकामी केला. बाहेर पळू पाहणाऱ्या सैनिकांना ग्रेनेडने गाठल्यावरच त्याने स्वतःला मागे नेऊ दिले. या पराक्रमासाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

तीस यार्ड म्हणजे जेमतेम सत्तावीस मीटर. इतके जवळ का जावे लागले, याचे उत्तर त्याच्या हातातल्या ‘पियाट’ या रणगाडाविरोधी शस्त्रात आहे.

१९१८ मध्ये जर्मनांनी रणगाड्यांविरुद्ध अवजड माउझर रायफल आणली. पुढे ब्रिटिशांनी सुमारे सोळा किलोची बॉइज रायफल काढली. या दोन्हींची सगळी भिस्त गोळीच्या वेगावर होती. चिलखत जाड होत गेले, तशी तितका वेग देणारी बंदूक माणसाच्या खांद्याला पेलेनाशी झाली. वाट सापडली ती पोकळ स्फोटकात. स्फोटकाच्या पुढच्या टोकाला शंकूसारखी पोकळी ठेवून तिला धातूचे पातळ अस्तर लावायचे. स्फोट होताच ते अस्तर आत दबते आणि त्याची सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगाची बारीक धार चिलखतात घुसते. ही धार चिलखत वितळवते असे आपल्याकडे सर्रास लिहिले जाते, ते बरोबर नाही. काम होते ते प्रचंड दाबाने. बॉम्ब हळू येवो की वेगाने, त्याच्या भेदकतेला फारसा फरक पडत नाही. साध्या पायदळ सैनिकाला रणगाड्यासमोर उभे करणारा शोध मला हाच वाटतो.

अमेरिकेने १९४२ मध्ये असा बॉम्ब रॉकेटला जोडला आणि बाझूका तयार झाला. ब्रिटिशांच्या पियाटमध्ये मात्र जबरदस्त स्प्रिंग होती. घोडा दाबला की स्प्रिंगच्या जोराने पोलादी दांडा बॉम्बच्या शेपटीत शिरे, तिथली छोटी दारू पेटे आणि बॉम्ब सुटे. मागे आगीचा लोळ नाही, धूरही जवळजवळ नाही; त्यामुळे तो खोलीतूनही डागता येई. पण ती स्प्रिंग ताणायला सुमारे नव्वद किलोचा जोर लागे आणि शत्रूसमोर हे काम आडवे पडून, पाय रोवून करावे लागे. बॉम्ब मंद गतीने, कमान घेत जाई. रणगाड्यावर नेम धरायचा तर शंभर यार्ड ही व्यवहारात शेवटची हद्द. भेदण्याचे बळ मिळाले होते, अंतर मात्र सैनिकालाच कापायचे होते. गंजू लामाने ते जखमी अंगाने कापले.

स्वीडनच्या ८४ मिलिमीटर कार्ल गुस्ताफ या खांद्यावरून डागायच्या लाँचरने ही हद्द शेकडो मीटरवर नेली. आपल्या लष्करात तो १९७० च्या दशकापासून आहे. दारूचा बराचसा वायू मागच्या तोंडातून बाहेर फेकला जातो, म्हणून खांद्याला धक्का जवळपास बसत नाही. त्याची किंमत मागे मोजावी लागते: डागताना नळीच्या पाठीमागे कुणी उभे राहिले तर ते जिवावर बेतते, शिवाय उडालेल्या धुळीने जागा उघडी पडते. जुने मॉडेल चौदा किलोंचे होते; नवे सात किलोंच्या आत आले आहे. डोंगरात ओझे वाहणाऱ्या जवानासाठी हा फरक केवढा मोठा आहे, हे वेगळे सांगायला नको.

अमेरिकेचे जॅव्हेलिन क्षेपणास्त्र तर अडीच किलोमीटरवरूनही रणगाड्याच्या छतावर उतरते, कारण तिथले चिलखत सर्वांत पातळ असते. ते सुटताच सैनिक जागा सोडून आडोशाला जाऊ शकतो. लक्ष्याचा माग क्षेपणास्त्र स्वतःच ठेवते. डीआरडीओने याच जातीचे, एका-दोघांना वाहून नेता येईल असे क्षेपणास्त्र विकसित केले आहे.