मासा दाणा खात नाही, तेव्हा

आमच्या गटाने खाऱ्या पाण्याच्या टाकीत छोटे क्लाउन मासे ठेवले. एक मासा दाण्याला तोंडच लावेना. घाबरून आम्ही खाद्य वाढवलं, तिथेच चुकलो. उरलेलं खाद्य कुजून पाण्यात अमोनिया वाढला, खाते-पिते दोन मासेही दगावले.

मग आर्टेमियाची सुकी अंडी आणली. मिठाच्या पाण्यात हवेची नळी सोडून ठेवली. दीड दिवसात इवली पिल्लं निघाली. ती गाळून, धुऊन टाकीत सोडली. वळवळ दिसताच मासा झेपावला! पुढे त्यात बारीक चिरलेली कोळंबी, मग हळूहळू दाणा मिसळला.

दिवसातून दोनदा, दोन-तीन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य घाला. उरलेलं लगेच काढा.