खडक किती वेळ उभा राहतो?

बोगदा खोदणे म्हणजे खडक फोडणे, अशी पदवी हातात पडेपर्यंत माझी समजूत होती. सह्याद्रीच्या घाटात पहिल्या नोकरीवर रुजू झालो आणि महिन्याभरात कळले, की फोडणे त्यातल्या त्यात सोपे. भोके पाडायची, दारू भरायची, सुरुंग उडवायचा, पंख्यांनी धूर काढायचा. खरा प्रश्न पुढे असतो : जे छत आता उघडे पडले, ते आधाराशिवाय किती वेळ टिकेल?

या अवधीला ‘स्टँड-अप टाइम’ म्हणतात. मराठीत ‘तग-काळ’ म्हणता येईल. ऑस्ट्रियन अभियंते लाउफर यांनी १९५८ मध्ये त्याचा संबंध खडकाच्या प्रतीशी आणि उघड्या गाळ्याच्या रुंदीशी जोडला. पुढे १९७३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत बिनियाव्स्की यांनी खडकाला शंभरपैकी गुण देण्याची पद्धत मांडली. दगडाची ताकद, गाभ्याच्या नमुन्यातील अखंड तुकड्यांचे प्रमाण, भेगांमधले अंतर, भेगांची अवस्था आणि पाणी, असे पाच विषय. भेगांची दिशा वाईट असेल तर गुण वजा. या पद्धतीचे आकडे पाहिले तेव्हा मी चरकलो होतो. पहिल्या वर्गाच्या खडकात पंधरा मीटरचा गाळा वीस वर्षे उभा राहतो. तिसऱ्या वर्गात पाच मीटरचा एक आठवडा. चौथ्यात अडीच मीटरचा दहा तास. पाचव्यात एक मीटरचा अर्धा तास. (१८६३ साली बोरघाटातून रेल्वे गेली, तेव्हा यातले काहीच हाताशी नव्हते.)

सह्याद्रीचा बेसॉल्ट कठीण म्हणून ख्यात आहे, आणि तो तसा आहेही. पण तो लाव्हाच्या एकावर एक साचलेल्या थरांचा डोंगर आहे. दोन थरांच्या मध्ये काही ठिकाणी तांबड्या मातकट खडकाची पट्टी सापडते. भूशास्त्रात तिला ‘बोल’ म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ढेकूळ. वरच्या थराच्या उभ्या भेगांतून झिरपलेले पाणी या पट्टीपाशी अडते आणि पट्टी मऊ पडते. ती बोगद्याच्या पोटात असली तर फारसे बिघडत नाही. माथ्याच्या थोडी वर असली, तर तिच्याखालचा दगड छतासारखा न राहता नुसत्या लटकत्या फळीसारखा होतो.

भूवैज्ञानिक दिवसपाळीला असत. रात्री विजेरी आणि हातोडी घेऊन समोरची भिंत, म्हणजे ‘फेस’, वाचायचे आणि तक्ता भरायचे काम माझ्याकडे. पावसाळ्यातल्या एका रात्री ती तांबडी पट्टी फेसच्या वरच्या अंगाला दिसली. ती पुढे किंचित चढत होती. दोन-तीन मीटरांत माथ्याच्या वर, नजरेआड जाणार होती. तिच्या कडेने पाणी ठिबकत होते. बाकीच्या विषयांची बेरीज-वजाबाकी ३३ आली. ठिबकत्या पाण्याला ४ गुण, नुसत्या ओलसर खडकाला १०. म्हणजे ३७ किंवा ४३. चाळिसाच्या अलीकडे चौथा वर्ग, पलीकडे तिसरा. तिसऱ्यात एका सुरुंगात तीन मीटरपर्यंत पुढे जाता येते, बोल्ट आणि पातळ शॉटक्रीटवर भागते. चौथ्यात पल्ला एक-दीड मीटरचा, शॉटक्रीट जाड आणि काही ठिकाणी पोलादी कमानी. त्या कमानींचे पैसे कोणी द्यायचे, यावर आधीच पत्रापत्री चालू होती.

वरिष्ठांनी तक्ता पाहिला. “अरे, हे काय ठिबकणं झालं? पाऊस थांबला की थांबेल. ओलसर लिही.”

मी त्यांना पट्टीचा चढ सांगितला. ते म्हणाले, पुढचं पुढे बघू. ते काही बेफिकीर गृहस्थ नव्हते. छताखाली माझ्यापेक्षा कितीतरी वर्षे जास्त उभे राहिले होते. म्हणून ते खरे असतील असेही वाटले, आणि खरे सांगायचे तर नवीन नोकरी होती. मी १० लिहिले.

सैल दगड काढणाऱ्या टोळीचा मुकादम झारखंडकडचा. तो पहारीने छत ठोकून आवाज ऐके. टणक दगड खणखणतो, सुटलेला बद्द वाजतो. पुढच्या सुरुंगानंतर त्याने तीन-चारदा ठोकले, माणसे मागे घेतली आणि मला म्हणाला, “साहब, यह नहीं रुकेगा।” बोल्टसाठी भोके पाडायचे यंत्रही मागे घ्यायला त्याने सांगितले, पण ते पुरते निघाले नव्हते. तासाभराच्या आत खाटेएवढी एक फळी खाली आली. यंत्राचा एक हात वाकला. माणूस कोणी सापडला नाही.

पडलेल्या दगडाची वरची बाजू तांबडी होती, हात लावला की बोटांना लागत होती.

त्या रात्री नवा तक्ता केला. पाण्यापुढे ४, वर्ग चौथा. कमानी आल्या, पल्ला आखूड झाला, वरिष्ठांनी निमूट सही केली. जुना तक्ता कोणी मागितला नाही, बदललाही नाही. फाइलमध्ये दोन्ही एकामागे एक लावलेले आहेत आणि दोन्हींखाली माझी सही आहे.