दुनळी कुणी घडवली?

लंडनचा नामांकित बंदूककार जोसेफ मॅन्टन १८३५ साली वारला. त्याच्या काळात बंदूक तोंडाकडून भरली जायची: नळीत दारू ओतायची, वर गोळी ठासायची, मग बार काढायचा. मागून काडतूस घालायची बंदूक इंग्लंडमधल्या लोकांनी लक्ष देऊन पाहिली ती १८५१च्या लंडनच्या मोठ्या प्रदर्शनात, आणि तीही लफोशो या फ्रेंच कारागिराची. असं असूनही, बिजागरीवर मोडून काडतुसं घालायच्या दुनळ्यांवर ‘जोसेफ मॅन्टन, लंडन’ अशी झोकदार अक्षरं कोरलेली जगभर सापडतात. मॅन्टनने त्या पाहिलेल्याही नव्हत्या. त्यांतल्या पुष्कळशा बेल्जियममधल्या लिएज शहरात बनल्या आणि नाव मोठं म्हणून खपल्या.

पण म्हणून मॅन्टन हे नाव दिसलं की बंदूक खोटी, असंही नाही. याच घराण्यातल्या एकाने १८२०च्या दशकात कलकत्त्याला पेढी काढली आणि ‘मॅन्टन अँड कंपनी, कलकत्ता’ या नावाने पुढे शंभर वर्षांहून अधिक काळ अस्सल माल विकला. म्हणजे आडनाव एकच, पण त्यापुढे लंडन आहे की कलकत्ता, आणि बंदूक कोणत्या जातीची आहे, यावर सगळं ठरतं.

संस्थानिक, इनामदार, जुने वनाधिकारी अशांच्या घरांत वारशाने आलेली एखादी दुनळी शिकारी रायफल अजून असते. परवाना वारसाच्या नावावर करायची वेळ आली की तिची चौकशी सुरू होते. ‘मेक’च्या रकान्यात काय लिहायचं? बहुतेक जण दोन नळ्यांच्या मधल्या पट्टीवरचं नाव वाचतात आणि तेच लिहून मोकळे होतात. तपास खरं तर तिथून सुरू व्हायला हवा.

याचं कारण इंग्लंडमधल्या धंद्याच्या रचनेत आहे. एकोणिसाव्या शतकात बर्मिंगहॅमच्या सेंट मेरी चर्चच्या आसपास बंदूककारांची अख्खी पेठ होती. एका गल्लीत नळ्या बनायच्या, दुसरीत कुलपं, तिसरीत दस्त्याचं अक्रोडाचं लाकूड घडायचं. नळीला आटे पाडणारा वेगळा, पोलाद कानशीने घासून सांधा जुळवणारा वेगळा, नक्षी कोरणारा वेगळा. तयार झालेली बंदूक पट्टी कोरी ठेवून व्यापाऱ्याकडे जायची आणि ज्या दुकानातून ती विकली जाणार, त्याचं नाव शेवटी कोरलं जायचं. लंडनच्या पर्डी किंवा हॉलंड अँड हॉलंड अशा मोजक्या घरांनी आपल्या छताखाली पुष्कळसं काम केलं. बाकीच्यांच्या नावामागे बर्मिंगहॅमचे हात असत. यात फसवणूक नव्हती. दुकानदार मालाची हमी घ्यायचा आणि नावाला जपायचा.

भारतात आलेल्या दुनळ्यांवर अशा दुकानांची नावं फार. मुंबईत काळा घोड्याजवळची आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आजही उभी आहे. त्या संस्थेची स्थापना लंडनमध्ये १८७१ साली झाली, लष्करी अधिकाऱ्यांना रास्त दरात माल मिळावा म्हणून. तंबूपासून चहापर्यंत सगळं तिथे मिळे आणि रायफलीही मिळत. तिच्या बंदुकांवर ‘आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल.’ असं कोरलेलं असतं. ही अक्षरं को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड या नावाची. १९३४ साली संस्थेचं नाव आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स झालं. त्यामुळे पट्टीवर ‘सी. एस. एल.’ दिसलं की बंदूक त्याआधीची, इतकं तरी नक्की होतं. पण घडवणारा कोण, हे त्या अक्षरांत नाही. तो बहुधा बर्मिंगहॅमचा वेब्लीसारखा ठोक कारखानदार असायचा. कलकत्त्याच्या आर. बी. रॉडा कंपनीचंही तेच. क्रांतिकारकांनी २६ ऑगस्ट १९१४ रोजी पळवलेल्या पन्नास माउझर पिस्तुलांमुळे हे नाव इतिहासात गेलं. ती पिस्तुलं जर्मन होती, रॉडाने फक्त मागवली होती. रॉडाच्या दुनळ्या रायफलींकडेही याच नजरेने पाहायला हवं.

शिकारी जिम कॉर्बेट यांच्याकडे .४५०/४०० बोअरची दुनळी होती, लंडनच्या डब्ल्यू. जे. जेफ्री कंपनीची. जेफ्रीचं दुकान लंडनचं, मात्र त्याच्या अनेक दुनळ्या बर्मिंगहॅमच्या जॉन सॉन्डर्ससारख्या कारागिरांनी घडवल्या. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी कॉर्बेटना भेट दिलेली .२७५ बोअरची एकनळी रायफल रिग्बी या लंडनच्या घराची. तिचा मागचा यांत्रिक भाग मात्र जर्मनीच्या माउझरचा आहे. मग ती रिग्बीची की माउझरची? जाणकार तिला रिग्बी म्हणतात आणि ते योग्यच आहे. सगळे भाग जुळवून, नेम बसवून तिला रायफल बनवणारा रिग्बी होता. कोणता भाग कुणाचा, एवढं मात्र सोबत नोंदवायला हवं.

आता प्रत्यक्ष तपास. बंदूक रिकामी आहे याची खात्री परवानाधारक शस्त्रकारागिराकडून करून घ्यायची आणि ती त्याच्याकडूनच उघडून घ्यायची. आधी ठरवायचं की ही रायफल आहे की छऱ्यांची बंदूक. रायफल हाताला जड लागते: .४७० बोअरची दुनळी साधारण पाच किलोची, तर बारा बोअरची छऱ्यांची दुनळी तीनच्या आसपास. रायफलीच्या नळीचं पोलाद तोंडाशी जाड असतं, आत पिळदार आटे दिसतात आणि पट्टीवर निरनिराळ्या अंतरांसाठी उघडमीट होणाऱ्या पात्या असतात. इथेही चकवे आहेत. चार्ल्स लँकेस्टरच्या लंबगोल नळीत एकही आटा दिसत नाही, तरी ती पूर्ण रायफल आहे, कारण नळीचा लंबगोलच आतून पिळत जातो. उलट हॉलंडच्या पॅराडॉक्समध्ये, जिचं पेटंट कर्नल फॉस्बेरींनी १८८५ साली घेतलं, आटे फक्त तोंडाजवळच्या काही इंचांत असतात आणि बाकी नळी गुळगुळीत. तिच्यातून छरेही उडतात आणि गोळीही.

खरा पुरावा नळ्यांच्या पोटाशी असतो. पुढचं लाकूड काढून नळ्या वेगळ्या केल्या की मागच्या टोकाला खालच्या बाजूने सपाट पृष्ठभाग दिसतो. तिथे सरकारमान्य परीक्षागृहाचे ठसे असतात. प्रत्येक नळीत नेहमीपेक्षा जास्त दारूचा बार काढून ती फुटत नाही, असं पाहिल्याशिवाय इंग्लंडमध्ये बंदूक विकता येत नसे. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला सनद मिळाली १६३७ साली. बर्मिंगहॅमचं परीक्षागृह १८१३ साली पार्लमेंटच्या कायद्याने उभं राहिलं. लंडनचे ठसे म्हणजे मुकुटाखाली गुंफलेली ‘जी’ आणि ‘पी’ ही रोमन अक्षरं आणि मुकुटाखाली ‘व्ही’. बर्मिंगहॅमचे १९०४पर्यंतचे ठसे म्हणजे मुकुटाखाली एकमेकांवर आडवे टाकलेले दोन राजदंड. त्यानंतर मुकुट आणि ‘बी. पी.’ ही अक्षरं आली. धूरविरहित दारूसाठीच्या परीक्षेचा वेगळा ठसा असतो, तो ‘एन. पी.’ असा. लंडनच्या या ठशात अक्षरांच्या वर वाकडी तलवार धरलेला हात दिसतो, बर्मिंगहॅमच्या ठशात साधा मुकुट. पट्टीवर लंडनचा पत्ता आणि पोटाशी बर्मिंगहॅमचे राजदंड असतील, तर बंदूक कुठे घडली याचा चांगला अंदाज तिथेच येतो.

लंबगोलात ‘ई. एल. जी.’ ही अक्षरं असली की बंदूक लिएजची, मग वर ‘मॅन्टन’ असो की आणखी कुणी. त्या लंबगोलावर मुकुट असेल तर ती १८९३ नंतरची. जर्मन बंदुकांवर १८९१च्या कायद्यापासून मुकुटाखालची अक्षरं दिसू लागतात. त्यांतलं ‘जी’ हे आटे पाडलेल्या नळीचं. इंग्लिश रायफलींवर पुढे कॉर्डाइट ही धूरविरहित दारू किती आणि गोळी किती वजनाची, हेही कोरलेलं सापडतं.

याच सपाट भागावर, किंवा नळ्यांच्या खालच्या बाजूला, कधी दोन-तीन बारीक आद्याक्षरं असतात. नळी घडवणाऱ्याने, सांधा घासणाऱ्याने, शेवटचं काम करणाऱ्याने आपली खूण म्हणून ठोकलेली. ज्यांनी हातांनी काम केलं त्यांची एवढीच नोंद उरते. सगळ्यात कमी नाव झालं ते दोन नळ्यांचा नेम एकत्र आणणाऱ्याचं. दुनळीतून सुटलेल्या दोन्ही गोळ्या ठरावीक अंतरावर, बहुधा शंभर यार्डांवर, एकाच जागी पडायला हव्यात. त्यासाठी तो कारागीर बार काढून पाहायचा, डाक वितळवून नळ्यांमधली पाचर केसभर सरकवायचा, पुन्हा बार काढायचा. वाघ अंगावर येत असताना दुसरी गोळी सरळ जायची ती याच माणसामुळे. त्या दोन अक्षरांचा शोध म्हणूनच पट्टीवरच्या नावाइतकाच महत्त्वाचा.

उसन्या नावांनी अनेक जण फसतात. नळीवर ‘हेन्रीज पेटंट रायफलिंग’ लिहिलेलं असलं म्हणून ती रायफल एडिंबराच्या अलेक्झांडर हेन्रीने बनवली असं नाही. त्याच्या आट्यांची पद्धत इतर बंदूककारांनी परवाना घेऊन वापरली. ‘सर जोसेफ व्हिटवर्थ’ हे नाव पोलादाचं आणि ‘क्रुप’ हेही पोलादाचंच. ‘अ‍ॅन्सन अँड डीली’ हे बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्समधल्या दोघांनी १८७५ साली पेटंट घेतलेल्या, घोडे आत दडवलेल्या रचनेचं नाव. ही रचना इतकी सोपी आणि भक्कम निघाली की पेटंटची मुदत संपल्यावर जवळजवळ सगळ्यांनी ती उचलली. अशा नावांपुढे कधी ‘वापर क्रमांक’, म्हणजे त्या पेटंटखाली बनलेल्या बंदुकांचा अनुक्रम, असतो. इंग्लिश पेटंट तेव्हा चौदा वर्षं चालायचं, म्हणून हा क्रमांक बंदुकीचा काळ ठरवायला फार उपयोगी पडतो. पत्ताही तसाच बोलतो: पर्डीच्या बंदुकीवर ‘३१४ १/२, ऑक्सफर्ड स्ट्रीट’ असेल तर ती १८८०च्या दशकाच्या सुरुवातीपूर्वीची, त्यानंतर ते घर साउथ ऑडली स्ट्रीटवर गेलं.

भारतातल्या दुनळीबाबत बोअर ही तर मोठीच खूण आहे. रिग्बीने १८९८ साली धूरविरहित दारूचं .४५० काडतूस आणलं आणि मोठ्या शिकारीचं गणित बदललं. पण लष्कराच्या जुन्या मार्टिनी-हेन्री रायफलीही .४५०च्याच. त्या पळवून वापरणाऱ्यांना दारूगोळा मिळू नये म्हणून १९०७च्या सुमारास सरकारने भारतात या बोअरवर बंदी घातली. बंदूककारांनी मग बोअर थोडा हलवला: हॉलंडने .४६५ काढला, जोसेफ लँगच्या घराने .४७०, वेस्टली रिचर्ड्सने .४७६. म्हणून घरातल्या दुनळीवर यांपैकी आकडा असेल, तर तिचा जन्म या बंदीशी जोडलेला आहे. साधा .४५० किंवा .५७७ असेल आणि नळ्यांवर ‘एन. पी.’ नसेल, तर ती बहुधा काळ्या दारूच्या जमान्यातली आहे.

शेवटचा दुवा म्हणजे क्रमांक. तो चापाच्या कमानीमागच्या लांब पोलादी पट्टीवर, नळ्यांच्या पोटाशी आणि पुढच्या लाकडाखालच्या लोखंडावर असतो. तिन्ही ठिकाणी एकच हवा. वेगळे निघाले तर भाग बदलले गेले आहेत. हॉलंड अँड हॉलंड, पर्डी, रिग्बी, वेस्टली रिचर्ड्स यांनी जुन्या वह्या जपल्या आहेत आणि क्रमांक कळवला की बंदूक कधी तयार झाली, कुणासाठी झाली, हे त्यांतून निघू शकतं. आर्मी अँड नेव्हीच्या बंदुकांच्या नोंदी ग्लासगो विद्यापीठाच्या संग्रहात आहेत. दस्त्यावरच्या चांदीच्या टिकलीत मालकाची आद्याक्षरं असतील, तर वहीतल्या गिऱ्हाइकाच्या नावाशी ती ताडून पाहता येतात.

हे सगळं वाचता यावं, तर ठसे शाबूत हवेत. जुन्या दुनळ्यांचं सर्वांत मोठं नुकसान हौसेने केलेल्या चकचकीत पॉलिशने होतं. नळ्या घासल्या की ठसे बुजतात, नव्याने निळ्या केल्या की लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून घडवलेल्या डमॅस्कस नळीवरची वेलबुट्टी जाते, पट्टी पुन्हा कोरली की खऱ्याखोट्याचा निवाडाच संपतो. गंज वाढू नये म्हणून हलकं तेल पुरेसं आहे. आणि आजच्या काडतुसाने ही बंदूक कधीही चालवून पाहू नये. काळ्या दारूसाठी परीक्षा झालेली नळी धूरविरहित दारूचा दाब सोसेलच असं नाही.

कायद्याचंही भान हवं. चालू शकणारी रायफल कितीही जुनी असली तरी १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो. सूट फक्त दुरुस्त करूनही चालणार नाही अशा कालबाह्य हत्याराला. २०१९च्या दुरुस्तीनंतर एका परवानाधारकाला, वारशाने आलेली धरूनही, दोनच बंदुका ठेवता येतात. शंभर वर्षांहून जुनी वस्तू १९७२च्या पुरावशेष कायद्यात येते आणि ती देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे. दोनाची मर्यादा आल्यापासून तिसरी बंदूक विकायची किंवा जमा करायची वेळ अनेकांवर येते. ती हातावेगळी करण्याआधी शस्त्रकारागिराकडून नळ्या उघडून पोटाशी असलेल्या प्रत्येक ठशाचा, क्रमांकाचा आणि आद्याक्षरांचा जवळून फोटो काढून घ्यावा, आणि तो परवान्याच्या जुन्या कागदांसोबत घरात जपून ठेवावा.