संगीतशिक्षण, सर्वसमावेशक

वय, लिंग, सामाजिक स्तर, शारीरिक क्षमता किंवा उपजत कौशल्य यांवरून निवड न करता प्रत्येक विद्यार्थ्याला त्याच्या कुवतीनुसार व आवडीनुसार संगीत शिकता यावे, अशी योजना असलेली शिक्षणपद्धती. सर्वांना एकच पाठ एकाच रीतीने शिकविणे एवढ्याने हा हेतू साध्य होत नाही. वर्ग सर्वांसाठी खुला असणे आणि अध्यापन प्रत्येकाला अनुरूप असणे, या दोन्ही अटी येथे पुऱ्या व्हाव्या लागतात. संगीतशिक्षणाच्या इतिहासात त्या क्वचितच एकत्र आलेल्या दिसतात.

भारतात रागसंगीताचे शिक्षण दीर्घकाळ गुरुशिष्यपरंपरेने होत आले. गुरू शिष्याचा आवाज, ग्रहणशक्ती व प्रगती पाहून तालीम देई. त्यामुळे हे शिक्षण व्यक्तिनिष्ठ होते. परंतु शिष्य कोणाला करावयाचे, हे गुरूच्या इच्छेवर आणि घराण्याच्या परंपरेवर अवलंबून असल्याने ते थोड्यांनाच लाभे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही मर्यादा ओलांडण्याचे प्रयत्न सुरू झाले. पुणे येथे १८७४ मध्ये गायन समाज स्थापन झाला, तर बडोद्यात १८८६ मध्ये मौलाबक्ष (१८३३–९६) यांच्या देखरेखीखाली गायनशाळा निघाली. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय काढले. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी स्वरलिपी व क्रमिक पुस्तके यांच्याद्वारे बंदिशींचे भांडार सामान्य जिज्ञासूंपुढे आणले. या कार्यामुळे संगीताचे दार उघडले. मात्र वर्ग, नेमलेला अभ्यासक्रम व परीक्षा यांमुळे शिक्षणात एकसाचीपणाही आला. गुरुकुलात अनुरूपता होती, पण समावेश नव्हता; विद्यालयात समावेश आला, पण अनुरूपता उणावली.

यूरोपात विसाव्या शतकात हा प्रश्न बालशिक्षणाच्या अंगाने हाताळला गेला. स्वित्झर्लंडमधील एमील झाक-दालक्रोझ (१८६५–१९५०) यांनी शरीराच्या हालचालींतून लयीचे शिक्षण दिले. हंगेरियन संगीतकार झोल्तान कोदाय (१८८२–१९६७) यांच्या पद्धतीत मातृभाषेतील लोकगीते, गायन व स्वरदर्शक हस्तसंकेत यांना प्राधान्य आहे. जर्मन संगीतकार कार्ल ऑर्फ (१८९५–१९८२) यांनी काढता-घालता येणाऱ्या पट्ट्यांची वाद्ये वापरली. नको असलेल्या स्वरांच्या पट्ट्या काढून ठेवल्या की नवशिक्या मुलालाही समूहवादनात भाग घेता येतो. येथे वाद्यच विद्यार्थ्याच्या पातळीला आणले जाते.

शाळेत ‘बेसूर’ म्हणून वगळल्या जाणाऱ्या मुलांचा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. स्वरभेद ओळखण्याची जन्मजात अक्षमता फार थोड्या व्यक्तींत आढळते. पुष्कळ मुलांची अडचण आवाजाचा पल्ला किंवा सरावाचा अभाव यांतून उद्भवते. भारतीय संगीतात षड्ज ठराविक कंपनसंख्येशी बांधलेला नाही. प्रत्येकाने आपल्या आवाजाला सोयीची पट्टी निवडावी, हा त्याचा मूळ संकेत आहे. परंतु संपूर्ण वर्गाकडून पेटीच्या एकाच पट्टीत गीत म्हणवून घेतले, की ज्यांचा आवाज तेथे पोहोचत नाही ती मुले आपोआप बेसूर ठरतात. वयात येणाऱ्या मुलग्यांचा आवाज फुटून सुमारे एक सप्तक खाली उतरतो. त्या काळात पट्टी बदलली नाही, तर काही मुले गाणेच सोडून देतात. बालपणी बसलेला हा शिक्का अनेकदा जन्मभर पुसला जात नाही. अशा मुलांना गटागटांनी निराळ्या पट्टीत गाऊ देणे, टाळ किंवा खंजिरीवर साथ देणे, चाल रचणे अथवा मर्मज्ञपणे ऐकणे, अशी कामे देता येतात. भजनी मंडळात कसलेल्या गायकाबरोबर टाळकऱ्यालाही स्थान असते, हे या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे.

विकलांग विद्यार्थ्यांच्या बाबतीत माध्यमाची निवड निर्णायक ठरते. लूई ब्रेल (१८०९–५२) यांनी १८२९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या स्पर्शलिपीत शब्दांबरोबर संगीतलेखनाचीही सोय होती. मौखिक परंपरेत कृष्णचंद्र डे (१८९३–१९६२) यांच्यासारखे दृष्टिहीन गायक नावारूपास आले. खुद्द पलुसकरांची दृष्टी बालपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली होती. तरीही फळ्यावरील स्वरलिपीवरच भर देणाऱ्या वर्गात दृष्टिहीन विद्यार्थी मागे पडतो. कर्णबधिरांना कंपने स्पर्शाने जाणवू शकतात. स्कॉटिश तालवादक एव्हलिन ग्लेनी (१९६५– ) यांनी श्रवणशक्ती जवळजवळ गमावल्यावरही लंडनच्या रॉयल ॲकॅडमी ऑफ म्युझिक या संस्थेत शिक्षण घेऊन जागतिक कीर्ती मिळविली. तीनतालाच्या सोळा मात्रांपैकी पहिली, पाचवी व तेरावी टाळीने आणि नववी खालीने दाखवितात. म्हणजे ताल डोळ्यांनी पाहता व हातांनी अनुभवता येतो.

भारतात २००९ च्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्याने बालकेंद्री अध्यापनाचा, तर २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने समावेशक शिक्षणाचा पुरस्कार केला आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात अभ्यासविषय व अभ्यासेतर विषय यांतील कडक विभागणी नाकारली आहे. तथापि या तरतुदींचे फळ अखेर शिक्षकाच्या कौशल्यावर अवलंबून राहते. मूल्यमापनात विद्यार्थ्यांची परस्परांशी तुलना करण्यापेक्षा प्रत्येकाची त्याच्या पूर्वीच्या स्थितीशी तुलना करणे अधिक उचित होय. यामुळे रागसंगीताची इयत्ता खालावते, हा आक्षेप टिकत नाही. कारण साध्य तेच राहते, तेथवर जाण्याच्या वाटा तेवढ्या वाढतात. व्यावसायिक कलावंत थोडेच होणार. परंतु संगीत ही आपल्यासाठी नसलेली गोष्ट आहे, असे मानून कोणीही वर्गाबाहेर पडू नये, हे शालेय संगीतशिक्षणाचे किमान उद्दिष्ट ठरते.